रामेश्वरचं पान

आमच्या प्रयोगशाळेतले तात्या रामेश्वरची यात्रा करून आले आणि दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्राची एक पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "सर, तुमनाकरता समुद्रनं गवत लई उनू."

भुसावळात वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय, पण समुद्रगवत हाताळायची ही पहिलीच वेळ. किनाऱ्यावर वाहून आलेली, फितीसारखी वाळलेली पानं. बुडाशी हिरवट, शेंड्याकडे पांढुरकी, खरबरीत.

"बुरशी लागेल शे का?" तात्यांनी विचारलं. मलाही तसंच वाटलं होतं, हे पोरांना सांगितलं नाही.

एस.वाय.चं प्रॅक्टिकल होतंच. मिठाच्या पाण्यात पानं भिजवली, शेंड्याचा तुकडा कापून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला. फसफसून बुडबुडे आले. म्हणजे पांढरा थर चुन्याचा होता, बुरशीचा नव्हे. अंगात चुना साठवणारं लाल शेवाळ अशा पानांवर पापुद्र्यासारखं वाढतं. जिवंतपणी ते गुलाबी असतं, वाळलं की पांढरं पडतं. दुसऱ्या तुकड्यावरचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काचेच्या डब्यांसारखे डायॅटम, म्हणजे एकाच पेशीचं सूक्ष्म शेवाळ. शेजारी तांदळाच्या कणीएवढे शंख आणि वाळलेला, वाकडा, झिंग्याच्या पिल्लासारखा एक जीव.

थर शेंड्यालाच जास्त का? तर हे पान ज्वारीच्या पानासारखं बुडातून वाढतं, त्यामुळे शेंडा सगळ्यात जुना. शेवाळाला बसायला सगळ्यात जास्त वेळ तिथेच मिळतो.

आता माझी चूक. इतकी वर्षं मी वर्गात सांगत आलो की समुद्रगवताच्या कुरणात गोगलगायी नि बारीक कवचधारी प्राणी गवत चरतात. डुगाँग (समुद्रगाय) आणि हिरवी कासवं खरंच चरतात. पण या चिमुकल्यांना ते चिवट पान फारसं पचत नाही. खाल्लेल्या अन्नाची खूण शरीरात उरते. त्यांच्या शरीरातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंचं, प्रमाण तपासलं, तर ते बहुधा गवतापेक्षा शेवाळाशी जास्त जुळतं. भरीत पार्टीत केळीचं पान असतं ना, तसं आहे हे. पान वाढून घ्यायला, जेवण त्यावरचं. पुढे बारके मासे या चिमुकल्यांना खातात.

चोपड्याकडची एक मुलगी म्हणाली, "मग सर, शेवाळ जितकं जास्त तितकं बरं?"

नाही. शेतातलं खत, गावाचं सांडपाणी खाडीत उतरलं की शेवाळ इतकं दाटतं की पानाला ऊन मिळत नाही, आणि गवतच मरतं. शेवाळ चरणाऱ्या चिमुकल्यांची तोंडं चालू असतात म्हणून पान श्वास घेतं. तिच्या घरी केळीचा बाग. "युरिया जास्त झाल्यासारखं," ती पुटपुटली. मी मान डोलावली. शंभर टक्के तसं नाही, पण त्या वेळी खोडून काढावंसं वाटलं नाही.

मागच्या टाकीत हतनूर धरणाच्या पाण्यातलं पाणगवत ठेवलंय. पोरं तिकडे वळली. एक गोगलगाय काचेवरच्या हिरव्या थरातून सरकत होती आणि तिच्यामागे स्वच्छ, नागमोडी वाट उमटत होती. ती बघायला गर्दी झाली. तास संपल्याची घंटा कोणी ऐकलीच नाही.

तात्या मात्र आम्लाच्या बाटलीकडे बघत कोपऱ्यात उभे होते. "रामेश्वरनं पान व्हतं, सर."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. बुडाकडचा एक हिरवट तुकडा न कापता राहिला होता. गोड्या पाण्यात धुऊन, टीपकागदात गुंडाळून मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी कपाळाला लावला, मग खिशात ठेवला.