360 की 455? एका विमान तिकिटाचं बिल

सोलापूर–मुंबई विमान ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालं, आणि ऑफिसच्या कामासाठी मलाही एकदा मंजुरी मिळाली. होटगी रोडला वीस मिनिटांत पोचलो, बसलो, उतरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते प्रवासभत्त्याच्या बिलाचं. ते पास व्हायला सत्तावीस दिवस लागले.

अडलं कशावर, तर 'अंतर (कि.मी.)' या रकान्यावर. सवयीनं मी 455 लिहिलं. रेल्वेचं अंतर, आमच्याकडं सगळ्यांना तोंडपाठ. बिल लाल पेन्सिलीचा शेरा घेऊन परत आलं: 'प्रवास विमानाचा, अंतर रेल्वेचे कसे?' बरोबर होतं, चूक माझीच. मग दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर शोधलं, साधारण 360, आणि प्रिंट जोडली. आता बिलं तपासणारे भाऊसाहेब म्हणाले, "रस्त्यानंच चारशे होतंय, विमानाला कमी कसं ओ? आणि इथं तर 195 छापलंय."

195 हे नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून दाखवला. त्यावर पुढची शंका: "विमान ताशी आठशेनं जातंय म्हणता, मग साडेतीनशेला तासाच्या वर कसं लागलं?" खरं तर प्रश्न चांगला होता, पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. चढण्या-उतरण्यात वेग कमी, त्यात मुंबईत धावपट्टी मोकळी नसली तर वर घिरट्या.

 

शेवटी भाऊसाहेबांच्या मागं भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. फायलीची नाडी सोडली, एक टोक सोलापूरवर धरलं, दुसरं मुंबईवर ताणलं. मग तीच नाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे, लोणावळा अशी रुळांवरून वळवत नेली. ती मुंबईच्या अलीकडंच संपली. भाऊसाहेब चष्मा वर करून बघत राहिले. "म्हणजे रेल्वे वाकडी जातीय म्हणा की," म्हणाले, आणि सही केली.

वेळ वाचला का, असं सगळे विचारतात. वंदे भारतला साडेसहा तास लागतात. विमानतळावर आधी पोचणं धरून मी सांताक्रूझला तीन तासांत होतो. तिथून फोर्टला जायलाच दीड तास गेला.

आणि हो, भाडं तिकिटाच्या रकमेवरच मिळणार होतं. अंतराच्या आकड्यानं त्यात एक रुपयाचाही फरक पडत नव्हता. हे मला सही झाल्यावर कळलं.