सातवं खातं

सोलमध्ये मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातही सकाळी हात गारठतात. त्या शनिवारी साडेआठला मी जोंगदोंगमधल्या एका भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडलं. हातात एक्स्टेंशन बोर्डांची पिशवी होती आणि पोटात गोळा. कोरियन विकिपीडियावर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका छोट्या संस्थेत मी अर्धवेळ काम करते. अनुदानाचे अर्ज लिहायचे, हिशेब ठेवायचे, नव्या लोकांसाठी कार्यशाळा घ्यायच्या, असं ते काम. ही मी स्वतः आखलेली पहिलीच कार्यशाळा, आणि तीही फक्त बायकांसाठी.

आधी पैशांचं सांगते, कारण दरवेळी लोक तेच विचारतात. विकिपीडियावर वर्षातून एकदा देणगी मागणारी पट्टी दिसते. ते पैसे विकिपीडिया चालवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विकिमीडिया फाउंडेशनकडे जातात, आमच्यासारख्या स्थानिक संस्थांना त्यातून हवं असेल तर अर्ज करावा लागतो. छोट्या कामांसाठी पाचशे ते पाच हजार डॉलरपर्यंतचं अनुदान असतं. मोठ्या अर्जांवर पूर्व आशिया, आग्नेय आशिया आणि पॅसिफिक अशा आमच्या विभागाची समिती बसते, तीही स्वयंसेवकांचीच. मग कोरियातच लोकांकडून का गोळा करत नाही? इथल्या कायद्यानं १ कोटी वोन किंवा त्याहून जास्त देणगी जमवायची तर आधी सरकारदरबारी नोंदणी लागते. १ कोटी ऐकायला मोठं वाटतं, पण आपल्या हिशेबानं ते सहा लाख रुपयांच्या आसपास. दोन-तीन मोठे कार्यक्रम केले की संपले. त्यामुळे सभासदांची वर्गणी आणि अनुदान यांवरच आमचा गाडा चालतो.

आणि एक नियम असा, की या पैशांतून लेख लिहिण्याचे पैसे कुणालाही द्यायचे नाहीत. लिहिणारा फुकटच लिहितो. हा नियम मला मनापासून पटतो. पण लिहिणाऱ्या माणसाला खुर्चीपर्यंत यायलाही पैसे लागतात, हे मात्र आमच्याच माणसांना पटवावं लागलं. माझ्या अंदाजपत्रकात एक ओळ होती: शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला एक बाई, सहा तास. आमच्या एका जुन्या, अतिशय कष्टाळू स्वयंसेवकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "वीस वर्षं आम्ही रात्री जागून लिहिलं, कुणी आमची मुलं सांभाळली नाहीत," असं ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, "मग त्या रात्री मुलं कुणापाशी होती?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ओळ राहिली.

कोरियन विकिपीडिया ११ ऑक्टोबर २००२ ला सुरू झाला. त्याच महिन्यात नेव्हर या कोरियन पोर्टलनं 'जिशिक-इन' नावाची प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली आणि सगळा देश तिकडे लोटला. पुढे २०१५ मध्ये नामुविकी हा वेगळाच कोरियन ज्ञानकोश आला. नामु म्हणजे झाड. आज कोरियन पोरांना काही शोधायचं असलं तर ती तिथे जातात, कारण तिथली भाषा गप्पांची आहे. कोरियन विकिपीडियावर सहा लाखांहून जास्त लेख आहेत, आपल्या मराठीच्या लाखाच्या आसपासच्या आकड्यापुढे ते फार वाटतात. पण पाच कोटींहून जास्त लोकांच्या, इंटरनेटनं इतक्या जोडलेल्या समाजाच्या मानानं लिहिणारे हात थोडे आहेत. आणि त्यातले बहुतेक हात पुरुषांचे.

साडेनऊला बायका यायला लागल्या. एकीबरोबर दोन मुलं होती, चार आणि सहा वर्षांची. त्यांना सांभाळायला आलेल्या बाईंना सगळे 'इमो' म्हणत होते. इमो म्हणजे मावशी. आपण घरकामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो ना, तसंच. ताश्कंदहून शिकायला आलेली एक मुलगी होती, कोर्यो-साराम, म्हणजे जुन्या सोव्हिएत संघातल्या कोरियन वंशाच्या लोकांपैकी. तिच्या पणजोबांना १९३७ मध्ये स्टालिनच्या हुकमानं रशियाच्या पूर्व टोकावरून मध्य आशियात हलवलं होतं. अशी पावणेदोन लाखांच्या घरात कोरियन माणसं तेव्हा मालगाड्यांत भरून नेली. तिची कोरियन अडखळती, म्हणून ती दाराशीच उभी राहिली होती. शेवटी देगूहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या साठी ओलांडलेल्या बाई आल्या, निवृत्त परिचारिका. त्यांचं तिकीटही अंदाजपत्रकात होतं. त्यांना सगळ्या 'सनसेंगनिम' म्हणू लागल्या. शब्दाचा अर्थ शिक्षक, पण वयानं आणि ज्ञानानं मोठ्या माणसाला तो सहज लावतात. त्यांच्या हातात एक जाड वही होती, कडा पिवळ्या पडलेली.

मी पडद्यावर खातं कसं उघडायचं ते दाखवलं. एक झालं, दोन झाली, सहा झाली. सातवं खातं सनसेंगनिमचं होतं. लाल अक्षरांत संदेश आला. माझ्या छातीत धस्स झालं. एकाच इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. बनावट खाती रोखण्यासाठी ही मर्यादा आहे. कार्यशाळा असेल तर आधी कळवून सूट मागायची असते. हे मला माहीत होतं. मी इतरांना शिकवलंही होतं. आणि मीच ते विसरले होते.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला जमत नाही वाटतं. मी बघत बसते."

देगूहून अडीचशेहून जास्त किलोमीटर आलेली बाई "बघत बसते" म्हणाली, ते मी अजून विसरलेले नाही. मी खोलीचं वाय-फाय बंद करायला लावलं, एकेकीच्या मोबाइलचा डेटा जोडला आणि अर्ध्या तासात सगळ्यांची खाती उघडली. पण त्या अर्ध्या तासात जे घडलं त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी धावपळ करत होते तोवर सनसेंगनिमनी वही उघडली. त्या आल्या होत्या किम जोमदोंग या बाईंवरच्या लेखात भर घालायला. बाप्तिस्म्यानंतर एस्थर, लग्नानंतर अमेरिकी रीतीनं पाक एस्थर. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या कोरियन स्त्री डॉक्टर. आम्ही जोंगदोंगमध्ये बसलो होतो तेही याच कारणानं. इथेच १८८६ मध्ये इह्वा ही मुलींची शाळा सुरू झाली आणि इथेच पुढच्या वर्षी बोगु-न्योग्वान हे बायकांचं रुग्णालय. नाव राजा गोजोंगनं दिलेलं, अर्थ साधारण 'स्त्रियांना वाचवणारं घर'. जोमदोंग इह्वात शिकली आणि त्या रुग्णालयात एका अमेरिकी डॉक्टरबाईंची दुभाषी झाली. फाटलेला ओठ शिवून नीट केलेला तिनं पाहिला आणि आपणही हेच करायचं ठरवलं. १९०० मध्ये बाल्टिमोरच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. तिच्या शिक्षणासाठी मजुरी करणारा नवरा, पाक युसान, तिच्या हाती पदवी पडायच्या आधीच क्षयानं गेला. तो बाल्टिमोरलाच पुरलेला आहे. ती परत आली, दहा वर्षं रोगी तपासले आणि १९१० मध्ये क्षयानंच गेली.

मी स्वतः रांजणगावच्या एमआयडीसीत दुभाषी म्हणून कोरियन बोलायला शिकले. त्यामुळे 'दुभाषी' या शब्दाशी माझे कान टवकारले होते. मी विचारलं, "त्या अमेरिकी बाईंचं नाव काय?"

त्यांनी वहीत बोट ठेवून वाचलं: रोझेटा शेरवुड हॉल. जन्म १८६५. पेनसिल्व्हेनियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय, पदवी १८८९.

माझ्या हातातली मोबाइलची वायर तशीच राहिली. मी म्हणाले, "आमच्या आनंदीबाई त्याच कॉलेजातल्या. १८८६. जन्मही १८६५चाच."

"तुमच्या कोण?"

मग मी सांगितलं. कल्याणची यमुना, लग्नानंतर आनंदी. नवऱ्याचा, गोपाळरावांचा, शिकवण्याचा हट्ट. दहा दिवसांत गेलेलं बाळ. नवऱ्याशिवाय केलेला बोटीचा प्रवास. एम. डी. होऊन परत आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं झालेला शेवट. बाविशीही पुरी नव्हती. आणि अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्यांना मुलीसारखं मानणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत. सगळ्या बायका खुर्च्या वळवून ऐकत होत्या. सनसेंगनिम हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या एस्थरचा नवरा तिकडे, आणि तुमच्या बाई तिकडे."

त्यानंतर कुणाला लिहा म्हणावं लागलं नाही. एकीनं नामुविकीवरचा मजकूर आणला होता. तिथला परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, म्हणून तो आपल्याकडे उतरवता येत नाही, हे समजावून सांगितलं. तिनं तक्रार न करता सगळं पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिहिलं. दाराशी उभी राहिलेली ताश्कंदची मुलगी दुपारपर्यंत मधल्या टेबलावर आली होती. मध्य आशियातल्या कोरियन शाळांबद्दलचे रशियन संदर्भ त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हते. तिची वाक्यं दुसरी एक जण नीट करून देत होती.

सनसेंगनिमचं आणि माझं मात्र एका प्रत्ययावरून अडलं. त्यांनी एस्थरबद्दल सगळीकडे आदरार्थी क्रियापद लिहिलं होतं. कोरियनमध्ये धातूला 'सि' जोडला की 'केलं'चं 'करते झाले' असं काहीसं होतं. विश्वकोशात तो चालत नाही. हंगुल लिपी देणाऱ्या राजा सेजोंगलाही तिथे साधंच क्रियापद. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "दहा महिन्यांत तीन हजार रोगी तपासणाऱ्या बाईला मी अरेतुरे करू?" आपल्याकडे तर मराठी विकिपीडियावर आपण सहज 'होत्या' लिहितो, त्यामुळे मला त्यांचं दुःख आतून कळत होतं. मी म्हटलं, राजाला जे लावतात तेच बाईंनाही लावतोय, असं समजा. त्यांनी थोडा विचार केला आणि एकेक 'सि' खोडायला घेतला. प्रत्येक खोडताना त्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटतं, माफी मागत होत्या.

जेवणाला किमबाप होतं. गप्पांत कुणीतरी विचारलं, लेखांवर वाद झाला तर तो कुठे मिटवतात? मी सामायिक चर्चेचं पान दाखवलं. कोरियन विकिपीडियावर त्याला 'सारांगबांग' म्हणतात. जुन्या घरातली पाहुण्यांची बैठक. सनसेंगनिम म्हणाल्या, "माझ्या आजोळी सारांगबांग होतं. पुरुष बसायचे. आम्ही ताट ठेवायला आत जायचो आणि मागच्या पावली बाहेर यायचो." मी त्यांना सांगितलं की आमच्या मराठी विकिपीडियावर त्या पानाचं नाव 'चावडी' आहे. चावडी म्हणजे काय ते सांगितलं आणि तिथेही बायका बसत नसत, हेही. मग त्यांनी चष्मा लावला आणि सारांगबांगच्या पानावर आपली पहिली नोंद लिहिली. दोनच ओळी. आपण देगूहून आलो आहोत, परिचारिका होतो, आणि एस्थरच्या लेखाचं शीर्षक माहेरच्या नावानं असावं की ज्या नावानं ती ओळखली जाते त्या नावानं, याबद्दल मतं हवी आहेत. कोरियन बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न खरोखरच नाजूक आहे. खाली सही उमटली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं आली होती, तिन्ही त्यांच्या नावापुढे 'निम' हा आदराचा प्रत्यय लावून.

मुलांची आई साडेचारला उठली. सहा तासांत ती एकदाच शेजारच्या खोलीत डोकावली होती. इमोनी कागदाचे बगळे करायला शिकवले होते आणि धाकटा झोपला होता. ती मला म्हणाली, "आज किती वर्षांनी मी एक वाक्य शेवटपर्यंत लिहिलं." मी तिच्यासमोर रडले नाही, पण सामान आवरताना रडले.

रात्री घरी हिशेब लिहायला बसले. खोलीचं भाडं, जेवण, देगूचं जाण्यायेण्याचं तिकीट, मावशींचे सहा तास. अहवालात किती नवे संपादक, किती लेख, असे रकाने असतात. ते भरले. त्या जुन्या स्वयंसेवकांनाही हिशेब पाठवला. त्यांनी उलट लिहिलं, पुढच्या वेळी मुलांसाठी दोन बाया ठेवा, एकीवर ताण येतो.

रविवारी रात्री माझ्या चर्चापानावर निरोप दिसला. सनसेंगनिमनी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, आनंदीबाईंचा मसुदा सुरू केला होता. कोरियात परदेशी नावं कशी लिहायची याचे ठरलेले नियम आहेत, पोलिश, झेक, थाई, व्हिएतनामी अशा बऱ्याच भाषांसाठी. मराठीसाठी नाहीत, हिंदीसाठीही नाहीत. 'आ-नान-दि-बा-इ' त्यांनी कान देऊन बरोबर बसवलं होतं, 'जोशी'ही. पुढे त्यांनी विचारलं होतं: "नवऱ्याच्या नावात तुम्ही मधे एक आवाज काढला होतात, जीभ मागे वळवून. तो साध्या 'ल'सारखा नव्हता. तो आम्ही कसा लिहावा?"

मी फोन उचलला आणि गोपाळरावांचं नाव चार वेळा, सावकाश, रेकॉर्ड केलं.