न तुटणारं खेळणं कुठलं? तुम्ही विचारलंत म्हणून

कुत्र्याचं पिल्लू आणलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मला हेच विचारतो, "असं एखादं चावायचं खेळणं सांगा ना, जे ह्याला तुटणारच नाही." परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. त्यांच्याकडे तीन महिन्यांची लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर, आलीये, सोफ्याचा कोपरा गेला, मुलाचा चार्जर गेला, आणलेली चार खेळणी दोन-दोन दिवसांत फाटली, अगदी वैतागल्यात बिचाऱ्या. जिन्यात उभ्याउभ्या जेवढं जमलं तेवढं सांगितलं, आता नीट लिहिते.

न तुटणारं मागू नका. कारण दात आणि खेळणं यातलं एक कोणीतरी हरणार असतं आणि खेळणं हरत नसेल तर मग दात हरतो. हे मला गब्रूमुळे कळलं. माझा पहिला कुत्रा, लॅब, कार्टं काहीही फोडायचं, म्हणून मी खाटकाकडून जाड नळी आणायला लागले, कच्ची, कारण शिजवलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात, त्या घशात-आतड्यात टोचतात एवढं ऐकून माहीत होतं. नळी आठवडाभर पुरायची, मी खूश. मग एक दिवस लक्षात आलं की हा एकाच बाजूने खातोय, आणि थोड्या दिवसांनी डोळ्याखाली सूज. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, वरच्या मोठ्या दाढेचा अख्खा टवका उडालेला, आत नस उघडी. भूल देऊन दाढ काढावी लागली. तो किती दिवस ठणकत असेल आणि आम्हाला सांगता येत नव्हतं त्याला, हे अजूनही मनातून जात नाही माझ्या.

तेव्हापासून दुकानात दोन गोष्टी करते. अंगठ्याचं नख रोवून बघायचं, जरातरी खड्डा पडला पाहिजे. आणि ते खेळणं स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर हलकं आपटायचं, लागलं तर पिल्लासाठी कडक आहे. कडक नायलॉनची हाडं, खूर, याकच्या दुधाची छुर्पी (दगडासारखं वाळवलेलं चीज), सगळं या परीक्षेत नापास होतं. आणि कोणी सांबराचं किंवा चितळाचं शिंग देत असेल तर तो दातांच्या पलीकडचा विषय आहे, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली त्याची खरेदी-विक्रीच गुन्हा आहे, आपोआप गळून पडलेलं असलं तरी.

पिल्लाचं वय पण बघा. त्यांना 28 दुधाचे दात असतात, सुईसारखे टोकदार पण नाजूक, ते साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. या मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चावत सुटतं, खोडी म्हणून नाही, त्यामुळे कृपा करून त्यासाठी मारू नका. खेळण्यावर थोडं रक्त दिसलं किंवा तांदळाएवढा दात फरशीवर सापडला तर घाबरू नका. या वयात गारवा हवा असतो. ओला जाड नॅपकिन पिळून गाठ मारून फ्रीजरमध्ये टाका, तुमच्यासमोर चावू द्या, वितळला की काढून घ्या.

मग घ्यायचं काय? माझं उत्तर, आतून पोकळ, लवचिक रबरी खेळणं. यातलं सगळ्यात ओळखीचं काँग कंपनीचं, त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत कोलोराडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता, मालक फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना फ्रिट्झला सस्पेन्शनचा एक रबरी भाग मिळाला आणि तो दगड सोडून त्याला लागला. त्यातून 1976 मध्ये ती कंपनी निघाली. म्हणजे सुरुवातच दात वाचवण्यातून झाली! त्यांचं पिल्लांसाठीचं रबर वेगळं, मऊ असतं, मोठ्या कुत्र्याचं काळं, कडक रबर पिल्लाला "जास्त टिकेल" म्हणून घेऊ नका. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तरी चालेल, फक्त आरपार किंवा दोन भोकं आहेत ना ते बघा, एकच भोक असेल तर आत हवेची पोकळी होऊन जीभ अडकू शकते. आणि साइज असा की अख्खं तोंडात मागेपर्यंत जाणार नाही. पिल्लू वाढतं, खेळणं वाढत नाही, दर महिन्याला परत बघायचं.

आत भरायला आमच्याकडे बिनमिठाचा दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा, रात्री फ्रीजरमध्ये, सकाळी ऑफिसच्या गडबडीत द्यायचा, अर्धा तास शांतता. कांदा, मनुका-बेदाणे अजिबात नाही. पीनट बटर घातलंत तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड रसायन) लिहिलेलं नाही ना हे वाचा, ते कुत्र्यांना विष आहे.

दुकानदार "सेफ आहे मॅडम" म्हणतो त्यावर जाऊ नका. मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क बंधनकारक झाला, पण तो नियम 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा आहे, कुत्र्याच्या नाही. त्यामुळे तपासणारे आपणच. चिंगीच्या टोपलीत (गब्रूनंतर रस्त्यावरून आलेली चिंगी) आवाज करणारी शिट्टीची खेळणी नाहीत, प्लॅस्टिकचे डोळे शिवलेली टेडी नाहीत, रॉहाइड, म्हणजे जनावराच्या वाळवलेल्या कातड्याचं चघळणं, नाही कारण ते पोटात फुगतं, टेनिस बॉल नुसता फेकायला, चघळायला नाही कारण त्याची लव दात घासते. जुनी चप्पल पण नाही, तिला जुनी आणि नवी चप्पल यातला फरक कसा कळणार!

दोरीचं खेळणं मात्र फक्त ओढाओढीला, खेळून झालं की कपाटात. सुटलेला लांब दोरा पोटात गेला की आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, कापतंही. काही तुटलं तर तुकडे जुळवून बघा, कमी भरले आणि पिल्लू उलट्या करतंय, खात नाहीये तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि शी करताना मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कितीही सोपं वाटलं तरी, तसंच उचलून दवाखान्यात न्या.

काकू, तुमच्या लॅबसाठीचं मऊ रबरी माझ्याकडे एक धुतलेलं पडलंय, चिंगीला आता लहान होतं. संध्याकाळी येऊन घेऊन जा, आधी साइज बघू.