भरलेला ग्लास

तोक्योतल्या कार्यालयात रुजू झाल्यावर दुसऱ्याच शुक्रवारी माझ्या स्वागतासाठी ‘नोमिकाई’ ठरली. शब्दाचा अर्थ पिण्यासाठी जमणे एवढाच. पण कामाचे तास संपल्यावर होणारी ही बैठक कामाचाच भाग असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

इझाकायात, म्हणजे जपानी मद्यगृहात, बूट काढून बसल्याबरोबर न मागता प्रत्येकासमोर एकेक छोटी वाटी आली. तिला ‘ओतोशी’ म्हणतात, आणि तिचे पैसे सहसा बिलात लागतात. पाठोपाठ कोणीतरी ‘तोरिआएझु बीरू’, म्हणजे तूर्तास बिअर, असे सांगून टाकले. ‘काम्पाई’, म्हणजे सगळ्यांनी एकत्र ग्लास भिडवणे, होईपर्यंत कोणी ग्लास ओठाला लावत नाही आणि दहा जणांनी दहा पेये मागवली तर सगळेच ताटकळतील, म्हणून पहिली फेरी बहुधा बिअरची. ग्लास भिडवताना आपली कड वरिष्ठांच्या कडेपेक्षा खाली ठेवायची, हे मी शेजाऱ्याकडे पाहून शिकलो.

खरी फजिती पुढे झाली. शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी बाटली दोन्ही हातांनी धरून, लेबल वर ठेवून, माझा ग्लास भरला. पानात काही टाकू नये या संस्कारात वाढलेला मी तो संपवला, कारण वाढलेले तसेच ठेवणे हा वाढणाऱ्याचा अपमान, अशी माझी समजूत. पण रिकामा ग्लास म्हणजे ‘आणखी घाला’ अशी विनंती, हा तिथला रिवाज असल्यामुळे मी जितक्या अदबीने संपवत गेलो, तितक्याच अदबीने ते भरत गेले. पाचव्या वेळी समोरच्या सहकाऱ्याने हळूच सांगितले, की नको असेल तर ग्लास भरलेलाच राहू द्यावा. शिवाय आपला ग्लास आपण भरायचा नसतो, त्यामुळे विभागप्रमुख स्वतः मघापासून रिकाम्या ग्लासापुढे बसले होते आणि तो भरणे माझे काम होते, हेही त्याच वेळी समजले.

दोन तासांची ‘नोमिहोदाई’, म्हणजे ठरलेल्या रकमेत हवे तितके पिण्याची वेळ, संपली की घरी जाता येईल असे वाटले होते. पण बाहेर पडताच ‘निजिकाई’, म्हणजे दुसरी बैठक, निघाली आणि तिच्या नादात माझी शेवटची गाडी चुकली. रेल्वे मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात थांबते ती पहाटे साडेचार-पाचपर्यंत, आणि टॅक्सीला रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत २० टक्के जादा भाडे पडते. तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ जण सूट-टायमध्येच दुकानांबाहेर बिअरचा कॅन हातात घेऊन बसलेले दिसले. रस्त्यावर पिण्यास जपानमध्ये सरसकट मनाई नाही. तोक्योतल्या शिबुया स्थानकाच्या परिसरात मात्र ऑक्टोबर २०२४पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच वर्षभर बंदी आहे.

सोमवारी मी दुसरी चूक केली. विभागप्रमुखांनी निजिकाईत कंपनीच्या नव्या धोरणावर सडकून टीका केली होती. मी त्यांना अभिवादन करून ‘शुक्रवारी आपण अगदी खरे बोललात’ असे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू शुक्रवारी ते गावातच नव्हते. शुक्रवारच्या मेजवानीबद्दल आभार मानायचे असतात, तिथे झालेल्या बोलण्याबद्दल नव्हे. ‘बुरेइको’, म्हणजे मानापमान बाजूला ठेवून बोलण्याची मोकळीक, टेबलापुरतीच असते. मला ही सोय थोडी दांभिक वाटते. पण दिवसभर इतके जपून बोलणाऱ्या माणसांना ती लागत असावी, हेही कळते.

आता मी काम्पाईपुरती बिअर घेतो आणि नंतर ऊलाँग चहा मागवतो. शोचू, म्हणजे जपानी दारू, घातलेला ‘ऊलाँगहाय’ दिसायला अगदी तसाच असतो. तोच तपकिरी रंग, तोच उंच ग्लास, तोच बर्फ. त्यामुळे कोणी विचारत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंपुढेही दर वेळी तसाच ग्लास असतो, आणि त्यात काय असते हे मीही त्यांना विचारलेले नाही.