बारीक रॉड चालायचा, जाडा चिकटायचा: वेल्डिंगसाठी जनरेटर निवडताना

जिथे अजून वीज पोहोचली नव्हती अशा जागी शेडच्या ट्रसचं, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्याचं, काम घेतलं होतं. माझं मशीन सिंगल फेज इन्व्हर्टर, 200 अँपिअरचं. ओळखीच्यांकडून 5 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअर, जनरेटरची क्षमता मोजायचं माप) पेट्रोल जनरेटर आणला आणि काम सुरू केलं. 2.5 मिमीच्या रॉडने 80 अँपिअरवर टॅकिंग, म्हणजे तुकडे जागी धरणारे छोटे टाके, अगदी छान झालं. मग फुल वेल्डसाठी 3.15 चा रॉड लावला, करंट 120 वर नेला आणि सगळं बिघडलं. आर्क पेटला की इंजिनाचा आवाज खाली बसायचा, मशीनचा लो व्होल्टेजचा दिवा लागायचा आणि रॉड चिकटून लाल व्हायचा. रॉड ओले असतील म्हणून तापवून पाहिले. अर्थ क्लॅम्पखालचा गंज घासला, होल्डर बदलला. फरक शून्य. ट्रसच्या सांध्यात स्लॅग (रॉडच्या लेपाचा वितळून उरलेला मळ) अडकलेला वेल्ड मला चालणार नव्हता, म्हणून काम थांबवलं.

रात्री वही घेऊन बसलो. स्टिक वेल्डिंगचं मशीन तपासताना आर्कचा व्होल्टेज धरायची एक रीत आहे: 20 अधिक करंटच्या 0.04 पट. म्हणजे 80 अँपिअरला 23.2 व्होल्ट, आर्कमध्ये साधारण 1,850 वॅट. 120 ला 24.8 व्होल्ट, जवळजवळ 3,000 वॅट. हे झालं रॉडच्या टोकाला. मशीन स्वतः काही वीज खातं, म्हणून 0.8 ने भागलं. आणि खरी मेख पुढे आहे. साध्या इन्व्हर्टर मशीनमधला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटर वीज सलग घेत नाहीत, झटक्या-झटक्याने ओढतात. त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती याचं प्रमाण, 0.65 च्या आसपास धरावा लागतो. तेवढ्याने भागल्यावर 80 अँपिअरला 3.6 केव्हीए आले, 120 ला 5.7. माझ्या जनरेटरवरचे 5 केव्हीए तर कमाल होते. सलग चालवायचा आकडा खाली बारीक अक्षरात होता, 4.5. बारीक रॉड का चालला आणि जाडा का चिकटला, ते एका ओळीत कळलं.

4 मिमीचा रॉडही कधीतरी लागणार, म्हणून 160 अँपिअरचा हिशेब केला. साधारण 8.1 केव्हीए. पूर्ण 200 वर मी कधी जात नाही. जाणार असाल तर नेमप्लेटवरचा इनपुट करंटचा सर्वांत मोठा आकडा घ्या, त्याला इनपुट व्होल्टेजने गुणा, म्हणजे लागणारे व्होल्ट-अँपिअर थेट मिळतात.

मग 15 केव्हीएचा एक डिझेल जनरेटर चांगल्या अवस्थेत मिळत होता. घेणारच होतो, पण तो थ्री फेज निघाला. एका फेजवर त्यातले फक्त 5 केव्हीए मिळणार! मशीन सिंगल फेज असेल तर हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायलाच हवा.

शेवटी 10 केव्हीएचा सिंगल फेज घेतला, तोही माझं मशीन सोबत नेऊन. 4 मिमीचे तीन रॉड सलग संपवले आणि आर्क चालू असताना व्होल्टेज पाहत राहिलो. रिकाम्या जनरेटरवर 230 दिसतात, त्याचा काही उपयोग नाही. लोड पडल्यावर एव्हीआर (जनरेटरचा व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) ते किती सावरतो, हे पाहायचं असतं. विक्रेत्यानेही हरकत घेतली नाही.

केबलचा घोळ मात्र साइटवर लक्षात आला. जुनी 2.5 चौरस मिमीची 30 मीटर केबल जोडली होती. जाऊन-येऊन 60 मीटर तांबं. 25 अँपिअरला तिच्यातच 11 व्होल्ट जात होते. ती काढून 6 चौरसची टाकली.

आता क्रम ठरलेला आहे. जनरेटर उघड्यावर, धूर माणसांपासून दूर जाईल असा ठेवायचा आणि अर्थिंग आधी करायचं. इंजिन चालू करून स्थिर होऊ द्यायचं, मगच मशीनचा स्विच. बंद करताना आधी मशीन, मग इंजिन. 160 अँपिअरवर वेल्डिंग चालू असेल तेव्हा त्याच जनरेटरवर मोठा ग्राइंडर लावू देत नाही.

त्या ट्रसचे अर्धवट सांधे ग्राइंडरने पूर्ण खरवडून काढले आणि 3.15 च्याच रॉडने पुन्हा भरले. आर्क एकदाही तुटला नाही.