लीव्ह, लेफ्ट आणि एक तार

नागपूरच्या आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला. मैदान, घंटा आणि मागचा कडुनिंब यावर बाकीचे लिहितीलच, मला आठवला तो एक इंग्रजी शब्द, लीव्ह. नववीत आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्याच्यावर अख्खा तास घालवला होता, ते पण मार्चच्या उन्हात, लाईट गेलेली.

झालं असं की नागपूरच्याच महाल भागातल्या एका पोट्ट्यानं वाचलं, "आय लीव्ह इन महाल." सर म्हणे, "काऊन बे, महाल सोडून राहिला का?" मग फळ्यावर दोन शब्द. लिव्ह ऱ्हस्व म्हणजे राहणं, लीव्ह दीर्घ म्हणजे सोडणं. मराठीच्या मॅडम ऱ्हस्व-दीर्घासाठी बिचाऱ्या पाचवीपासून ओरडत होत्या पण तिथं फक्त मार्क जायचे, इथं तर गावच जात होतं.

पुढे सरांनी विचारलं, डब्यात दोन पोळ्या लेफ्ट म्हणजे पोळ्या गेल्या का? नाही, उरल्या. आणि "ही लेफ्ट" (he left) म्हणजे तो गेला. एकच शब्द आणि अर्थ पार उलटे, असं कसं बाप्पा? सरांनी सांगितलं की मुळात त्याचा अर्थ मागे राहू देणं असा होता, माणूस गाव मागे ठेवतो म्हणजे स्वतः निघतोच ना. आणि अर्जात मागतो ती लीव्ह वेगळीच, दुसऱ्या खानदानातली, तिचा अर्थ परवानगी आणि तिचं नातं बिलीव्हशी, लव्हशी. लव्ह म्हटल्यावर मागच्या बाकांवर जे व्हायचं ते झालंच. पण मला खरी आवडली ती रजेची गोष्ट. आपली रजा पण अरबी-फारसीतून आलेली, तिचाही मूळ अर्थ संमती, मर्जी. म्हणून रजा मागावी लागते, सुट्टी आपोआप मिळते. न सांगता फुटाळा तलावावर पळणं म्हणजे फ्रेंच लीव्ह, आणि गंमत म्हणजे फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजांसारखं सटकणं म्हणतात. शेवटी पाच मिनिटं उरली त्यात लीव्ह नागपूर आणि लीव्ह फॉर नागपूर यातला फरक. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

ते भोवलं 1991 मध्ये. पुण्याला इंजिनिअरिंगला होतो, दिवाळीला घरी यायचं म्हणून तार केली, शब्द मोजून पैसे लागायचे म्हणून काटकसर करून लिहिलं, लीव्हिंग नागपूर फ्रायडे. घरी हे रामायण! बाबा म्हणे हा नागपुरात आला कधी, आणि घरी तोंड न दाखवता चालला कुठे? आईनं रडणं सुरू केलं, बाबा तार घेऊन सायकलवर थेट सरांच्या घरी. सरांनी एकदा वाचली म्हणे आणि हसत बसले, वर बाबांना चहा पाजला.

शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरलो तर प्लॅटफॉर्मवर बाबा, चेहरा असा की आता खातो की मग खातो. काही न बोलता खिशातून तार काढून हातात दिली.

शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या, म्हणजे टीसीच्या फाईलीत ती अजून आहे. लीव्हिंग आणि नागपूरच्या मधे लाल पेनाचा छोटा कंस, त्याच्यावर फॉर, आणि कोपऱ्यात दहापैकी चार मार्क.