तेल सांडल्यावर किनाऱ्याशी कसे वागावे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वलसाडजवळ तिथलच्या किनाऱ्यावर चालताना माझ्या टाचेला डांबरासारखा काळा गोळा चिकटला. साबणाने तो निघेना, म्हणून वहिनींनी खोबरेल चोळून काढला. तरीही टाचेच्या भेगांतली काळी रेघ बडोद्याला घरी पोचेपर्यंत गेली नव्हती. समुद्रात सांडलेल्या तेलातले हलके घटक उडून जातात आणि उरलेले लाटांत घुसळून असे गोळे होतात.

आम्हां बडोदेकरांना समुद्र दूरचा वाटतो. मात्र बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीसाठी परदेशांतून येणारे कच्चे तेल कच्छच्या आखातात उतरवून नळाने आणले जाते, आणि त्याच आखातात १९८२ साली घोषित झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे नरारा या ठिकाणी ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालताना वाटाड्याने एक दगड उलथून खालचा खेकडा दाखवला आणि दगड पुन्हा जसाच्या तसा, त्याच बाजूने ठेवला. दगड उलटा राहिला, तर त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हाने मरतात, असे तो म्हणाला.

तेलगळतीनंतरच्या कामातही हीच काळजी लागते, असे माझे ठाम मत आहे. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले, तेव्हा तेल विरवण्यासाठी हजारो टन रसायने ओतली गेली आणि खडकांवरच्या जिवांची हानी तेलापेक्षा त्या रसायनांनीच अधिक केली. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ या जहाजाच्या तेलाने माखलेले किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले, त्यात तेलातून वाचलेले शिंपले आणि शेवाळही गेले. आज आपल्याकडे तेल विरवणारी रसायने वापरण्यासाठी तटरक्षक दलाची परवानगी लागते, आणि उथळ पाण्यात किंवा प्रवाळांजवळ ती टाळली जातात, हे योग्यच आहे.

तेल समुद्रात असतानाच अडवणे सर्वांत चांगले. पण तरंगत्या अडसरावर, म्हणजे बूमवर, सरळ काटकोनात येणाऱ्या प्रवाहाचा वेग ताशी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेला, की ते तिच्याखालून निसटू लागते. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा ओढ त्याहून कितीतरी जोराचा असल्यामुळे बूम तिरकी लावून तेल एखाद्या शांत कोपऱ्याकडे वळवावे लागते. तो कोपरा कोणता आणि कोणत्या खाडीचे तोंड आधी बंद करायचे, हे तेल सांडण्यापूर्वीच नकाशावर ठरलेले हवे. उशीर झाला, तर तेलात पाणी मिसळून घट्ट लगदा होतो, त्याचे आकारमान तिप्पट-चौपट वाढते आणि तो पंपाने ओढणे अवघड होते.

किनाऱ्यावर मात्र उत्साहाला आवर घालावा लागतो. वाळूवरचे तेल फावड्याने वरच्यावर खरवडून उचलता येते. तिवरांची गोष्ट वेगळी आहे. चिखलातून वर आलेल्या त्यांच्या श्वासमुळांवर तेलाचा थर बसला, की झाड गुदमरते. पण मदतीला धावलेल्या शंभर माणसांचे पाय तेच तेल चिखलात खोल रुतवतात, आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तिकडची तिवरे तेलाने माखली, तेव्हा मदतीला जाण्याची माझीही इच्छा होती. आज तशी वेळ आली, तर मी आधी तटरक्षक दलाला आणि वनखात्याला विचारीन. तेलाने माखलेला पक्षी सापडला, तर तो लगेच धुवायला घेणार नाही. खोक्यात, उबेत, अंधारात ठेवून जाणकारांकडे पोचवीन, कारण गारठलेला, थकलेला पक्षी धुण्याच्या धक्क्यानेच दगावतो.